'सॅक्स' : घटनाधिष्ठित एक्सएमएल वाचनाच्या संकेताचा उद्गम

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एक्सएमएल १.० ही शिफारस १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केली. तत्पूर्वीच या भाषेतील दस्तऐवज वाचणारे अनेक जावा पार्सर तयार झाले होते. परंतु प्रत्येकाशी संवाद साधण्याची रीत निराळी होती. रसायनशास्त्रज्ञ पीटर मरे-रस्ट यांना रेणूंची माहिती दाखविणाऱ्या आपल्या 'जम्बो' या प्रणालीत प्रत्येक पार्सरसाठी स्वतंत्र जुळणी करावी लागे. डिसेंबर १९९७ मध्ये त्यांनी 'एक्सएमएल-डेव्ह' या ई-मेल चर्चागटात समान संकेताचा आग्रह धरला. डेव्हिड मेगिन्सन यांनी मसुद्याची जबाबदारी स्वीकारली आणि मे १९९८ मध्ये 'सॅक्स' १.० सिद्ध झाले. त्यावर कोणत्याही मानक संस्थेची मोहोर नव्हती आणि कोणाचा स्वामित्वहक्कही नव्हता. कन्सॉर्शियमचा 'डॉम' हा अधिकृत संकेत ऑक्टोबर १९९८ मध्ये आला. गरजवंतांनी समितीच्या आधी काम उरकले, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

'डॉम' संपूर्ण दस्तऐवजाचा वृक्ष स्मृतीत उभा करतो. 'सॅक्स' काहीच साठवीत नाही. घटक सुरू झाला, मजकूर आला, घटक संपला, एवढीच वर्दी देतो. स्मृतीची बचत होते खरी, पण लक्षात ठेवण्याचे ओझे प्रोग्राम लिहिणाऱ्यावर येते.

माहितीसाठ्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे वाचताना हे ओझे हलके असते. जानेवारी २००८ मध्ये शिफारस झालेल्या 'स्पार्कल' उत्तरांच्या एक्सएमएल स्वरूपात प्रथम शीर्षभागात चलांची नावे येतात, मग एकेक उत्तर. उत्तराचा घटक मिटताच ती ओळ पुढे सोपवून विसरता येते. उत्तरे लक्षावधी असली तरी स्मृतीत एकच ओळ राहते.

तथापि दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. मजकुराची वर्दी तुकड्यातुकड्यांनी येऊ शकते. तुकडे जोडले नाहीत, तर 'सोडियम क्लोराइड'मधील केवळ 'क्लोराइड' उरते. दुसरी चूक अधिक घातक आहे. एखाद्या चलाला मूल्य नसेल, तर त्याचा घटक उत्तरात येतच नाही. नवे उत्तर सुरू होताना जुनी नोंद पुसली नसल्यास मागील ओळीचे मूल्य या ओळीला चिकटते, आणि पार्सर कोणतीही तक्रार करीत नाही. कारण त्याच्या दृष्टीने दस्तऐवज निर्दोषच असतो.