भिक्षापात्र आणि कुदळ

राजुरा तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. त्याच्याही पुढे, वर्धा नदी ओलांडल्यावर, वरोरा हे गाव लागते. तेथे मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली व गावाबाहेरील खडकाळ भूमीवर आनंदवन वसविले. आरंभीचे भांडवल म्हणजे 6 रुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये.

डॅप्सोन या औषधाने रोग तेव्हा आटोक्यात येऊ लागला होता. परंतु झडलेली बोटे व तुटलेले आप्तसंबंध औषधाने कसे परतावेत? बरा झालेला मनुष्यही पुन्हा देवळाच्या पायरीशी येऊन बसे. आणि आपण धर्मशील मंडळी त्याच्यापुढे पैसा टाकून कृतार्थ होत असू! आमट्यांनी त्याच्या हातून भिक्षापात्र काढून कुदळ दिली, हेच त्यांचे खरे मोठेपण होय. विहीर खणली गेली, भाजीपाला पिकला. पण तो घेण्यास वरोऱ्याचे गिऱ्हाईक प्रथम धजेना. पुढे हातमाग, सुतारकाम आले. अंध, बधिर व अपंगही तेथे उद्योग शिकू लागले.

1964 साली आनंदनिकेतन महाविद्यालय निघाले. त्याच्या भिंती याच रुग्णांनी उभारल्या, आणि त्यांत शिकावयास गावातील निरोगी मुले येऊ लागली.