मोरीचा हिशोब

आमच्या घराची बाथरूम स्वयंपाकघराच्या पलीकडे आहे. अंघोळीला जायचं तर शेगडीच्या शेजारून, टॉवेल सावरत जायचं. इंग्लंडमधल्या रेडिंग शहरातलं, एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या रांगेतलं हे घर साधारण 1895 सालचं आहे. ते विकत घेतलं तेव्हा एजंट म्हणाला होता, 'बाथरूम काय, वर हलवता येईल की!' मी लगेच एक एक्सेल शीट उघडून त्यात 8,000 पौंड लिहिले. हा आकडा मी कुठून आणला, हे आजही सांगता येणार नाही.

खरं कारण एजंट नव्हता, आई होती. बाबा गेल्यापासून ती व्हिजिटर व्हिसावर सहा-सहा महिने येऊन राहते. गुडघे गेलेत. टबच्या काठावरून पाय उचलून आत टाकायला तिला माझा खांदा लागायचा, आणि ते तिला आवडायचं नाही. मागच्या हिवाळ्यात ती टबात घसरली. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर ती अंघोळ टाळायला लागली. साताऱ्यात रोज पहाटे बंब पेटवणारी माझी आई!

सगळे म्हणाले, वरची छोटी खोली मोडून तिथे बाथरूम कर, घराची किंमत वाढेल. पहिला कोट आला 14,500 पौंडांचा, वर 20 टक्के व्हॅट. म्हणजे 17,400. शंभरने गुणायची सवय अजून गेलेली नाही. मी आकडा आईपासून लपवला.

एवढे पैसे कशाचे, विचारलं तर प्लंबरने मला परसात नेऊन मैलापाण्याचा जाड पाइप दाखवला. तो घराच्या पार मागे. वरची खोली पुढे. कमोडचा पाइप उताराने मागपर्यंत आणायचा, तर मधली लाकडी जमीन उचकटावी लागणार. मी विचारलं, 'पण सगळं मागेच का?' तो म्हणाला, 'संडास मागेच असायचा ना.'

या वाक्यापाशी माझी एक्सेल शीट इतिहासात शिरली.

पार्लमेंटने 1875 साली सार्वजनिक आरोग्याचा कायदा केला आणि संडासाशिवाय नवं घर बांधणं बेकायदा ठरलं. फ्लशचा असो, मातीचा असो की साधा, पण संडास हवाच. तो परसाच्या टोकाला बांधत, कारण कित्येक गावांत मैला आणि राख मागच्या बोळातून उचलून नेत. पुढे गटारं आली तीही मागच्या बाजूलाच जोडली गेली. घरात न्हाणीघर हवं, असं मात्र तो कायदा म्हणत नव्हता. 1951 सालच्या जनगणनेतही ब्रिटनमधल्या एक तृतीयांशाहून जास्त कुटुंबांकडे पक्कं न्हाणीघर तर सोडाच, पक्का टबही नव्हता. आमच्या शेजारच्या आजी याच रांगेत वाढल्या. पत्र्याचा टब परसातल्या खिळ्याला टांगलेला असायचा, शनिवारी चुलीपुढे मांडायचा, एकाच पाण्यात आधी वडील आणि शेवटी त्या. त्यांचे वडील बिस्किटांच्या कारखान्यात होते. हंटली अँड पामर्स, एकेकाळी जगातला सर्वांत मोठा.

मग बाथरूम आली कशी? सरकारी अनुदानाने. 1959 सालच्या कायद्याने टब किंवा शॉवर, बेसिन, गरम पाणी, संडास आणि अन्न साठवायची जागा या पाच सोयींसाठी निम्मा खर्च मिळू लागला, जास्तीत जास्त 155 पौंड. एवढ्या पैशात कोण वर पाइप नेणार? लोकांनी स्वयंपाकघरामागे एक खोली काढली, गटार होतंच तिथे. माझ्या आधीच्या कुणीतरी माझ्यासारखाच हिशोब मांडला होता, आणि माझ्यापेक्षा बरा.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिला मागचा बोळ ऐकून वेगळंच आठवलं. त्यांच्या वाड्याच्या मागेही असाच बोळ होता आणि टोपलीचे संडास. 'त्या बाईला आम्ही कधी नावाने हाक मारली नाही,' ती म्हणाली. 'पाणीसुद्धा वरून ओतायचो तिच्या ओंजळीत.' इंग्लंडातला मैला उचलणाराही गरीबच होता, पण त्याचा मुलगा बिस्किटांच्या कारखान्यात जाऊ शकत होता. आपल्याकडे या कामावर माणसं ठेवायला बंदी करणारा कायदा झाला 1993 साली, आणि 2013 मध्ये पुन्हा एक करावा लागला. आई बराच वेळ गप्प होती.

मग म्हणाली, 'अगं, स्वयंपाकघराशेजारी असली म्हणून काय झालं? आपली मोरी कुठे होती?'

कोपऱ्यातच होती, ओट्याच्या खाली. विषय संपला. बाथरूम जिथे होती तिथेच राहिली, टब गेला. इथल्या बाथरूमच्या जमिनीला सहसा जाळी नसते. बादलीने अंघोळ केली तर पाणी थेट घरात. वर लाकडी जमिनीवर ते सगळं करणं महागात जातं. खाली काँक्रीट होतं. ते फोडून जाळी बसवली, चारी बाजूंनी उतार दिला, फरशीखाली आणि भिंतींना वॉटरप्रूफिंग केलं. कोट 9,200, व्हॅट धरून 11,040. छताच्या खरबरीत थरात अ‍ॅस्बेस्टॉस निघालं (त्यावर पूर्ण बंदी 1999 साली आली), ते काढायला 850. आमच्या हद्दीतला पाण्याचा पाइप शिशाचा निघाला, 1,400. एकूण 13,290. जुन्या घरात पंधरा टक्के तरी वर धरावेत, हे मी आता सगळ्यांना सांगत फिरते. मी स्वतः शून्य धरले होते.

आई मार्चमध्ये आली. शेजारच्या आजी मुद्दाम बघायला आल्या, बादली आणि मग बघून हसल्या. बेसिनच्या वर बोट दाखवून म्हणाल्या, आमच्याकडे पत्र्याचा टब इथेच टांगलेला असायचा, तेव्हा ही भिंत बाहेरची होती. आईला इंग्रजी येत नाही. तिने त्यांना हाताला धरून आत नेलं आणि पाटावर बसून दाखवलं.