ज्येष्ठ नागरिक संघ
वृद्धांनी परस्परसाहाय्य, आरोग्य व सहजीवन यांसाठी चालविलेल्या स्थानिक संघटना. एकत्र कुटुंबाचे विघटन व वाढते आयुर्मान यांमुळे वृद्धांची देखभाल हा केवळ घरगुती प्रश्न उरला नाही. महाराष्ट्रातील असे अनेक संघ ‘फेस्कॉम’ या महासंघात एकत्र आले. व्हिएन्ना येथील जागतिक वार्धक्य परिषदेनंतर (१९८२) भारताचे वृद्धविषयक राष्ट्रीय धोरण १९९९ मध्ये जाहीर झाले. २००७ च्या केंद्रीय अधिनियमान्वये अपत्यांकडून चरितार्थाचा खर्च मिळविण्यासाठी न्यायाधिकरणांची तरतूद झाली. तथापि सोबत व आपुलकी कायद्याने मिळत नाहीत. नागपूर महानगरपालिकेत २०१३ मध्ये समाविष्ट झालेल्या हुडकेश्वरसारख्या उपनगरांत शेजार नव्याने जुळवावा लागतो. तेथे हे कार्य संघांनाच करावे लागते.