न जळणारे तेल

१९५५ च्या २ फेब्रुवारीस भिलाईच्या पोलाद कारखान्याविषयी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा भिलाई ज्यात येते त्या दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहूनच चालत असे. पुढल्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत तो मुलूख भोपाळच्या दप्तरी दाखल झाला, आणि १९५९ च्या ४ फेब्रुवारीस राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीतला अग्नी अशा ठिकाणी चाकरीस असतो. खरे भय असते ते विजेच्या खोलीतल्या आगीचे, कारण तेथे पाणी मारणे म्हणजे मरणास बोलावणे.

या आगीवर उपाय शोधताना रसायनशास्त्र क्लोरीन, ब्रोमीन, फ्लोरीन यांच्या कुळाकडे वळले. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्बन टेट्राक्लोराइडने भरलेले पितळी हातपंप मोटारींत व कारखान्यांत टांगलेले असत. परंतु तप्त धातूवर पडताच त्या द्रवातून फॉस्जीन हा विषारी वायू निघू शके. पुढे हॅलॉन १२११ व हॅलॉन १३०१ आले. त्यांतले ब्रोमीन ज्वालेची रासायनिक साखळीच तोडते आणि मागे राख-ओल काही ठेवत नाही, म्हणून यंत्रशाळांना ते वरदान वाटले. मात्र वातावरणातला ओझोन थर नष्ट करण्याची १३०१ ची शक्ती प्रमाण मानलेल्या सीएफसी-११ च्या दसपट भरली. ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेला १९८७ चा माँट्रियल करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, आणि २०१० पर्यंत नव्या हॅलॉनचे उत्पादन आपल्याकडे बंद झाले.

याच कुळातला एक सोबती मात्र आग विझवण्यासाठी नव्हे, तर आग लागूच नये म्हणून रोहित्रांत, म्हणजे ट्रान्स्फॉर्मरमध्ये, भरला गेला, आणि त्याचा इतिहास मला अधिक विचारणीय वाटतो. रोहित्राला थंड ठेवणारे खनिज तेल ज्वलनशील असते. १९२९ पासून अमेरिकेत व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागलेले पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) सहजी पेट घेत नसे. सोव्हिएत कारखान्यांत तेच ‘सोवोल’ आणि ‘सोव्टोल’ या नावांनी चाले. पाण्याहून जड, काकवीसारखा संथ असा तो द्रव टाकीत वर्षानुवर्षे न बदलता राही, आणि ज्या अविकारीपणामुळे तो जळत नसे, त्याच अविकारीपणामुळे तो मातीतही कुजत नसे. १९६६ मध्ये स्वीडनच्या सोरेन येन्सेन यांना तो समुद्रगरुडाच्या देहात सापडला. १९६८ मध्ये जपानात तो खाण्याच्या तेलात झिरपून सहस्रावधी माणसे आजारी पडली. अर्धवट जळाला, तर त्यातून फ्यूरान व डायॉक्सिन निर्माण होतात. १९८१ मध्ये अमेरिकेतील बिंगहॅम्टनच्या एका सरकारी इमारतीत रोहित्राला आग लागली, आणि तिची काजळी साफ करून इमारत पुन्हा उघडण्यास १९९४ साल उजाडले.

शिवाय पीसीबीचा हा दोष एका टाकीपुरता राहत नाही. तेल गाळण्याचे एकच यंत्र, एकच नळी या रोहित्राकडून त्या रोहित्राकडे फिरते, आणि साध्या खनिज तेलातही पीसीबीचा अंश उतरतो. दशलक्ष भागांत ५० भाग एवढा अंश सापडला, तरी ते तेल दूषित ठरते.

अशा चिवट सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम करारास भारताने २००६ मध्ये मान्यता दिली. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना ‘युनिडो’ व केंद्रीय पर्यावरण मंत्रालय यांनी हाती घेतलेल्या योजनेत पीसीबी नष्ट करण्याचे केंद्र उभारण्यास भिलाईच्या कारखान्याचेच आवार निवडले गेले. ही निवड यथायोग्य होती, असे माझे मत आहे. अतिउच्च उष्णतेचा रोजचा सराव असलेल्या माणसांच्या हाती हे काम जावे, हेच इष्ट. केंद्र सरकारच्या २०१६ च्या हुकुमाने पीसीबीच्या वापरास ३१ डिसेंबर २०२५ ही अखेरची मुदत दिली, आणि उरलेल्या साठ्याची विल्हेवाट २०२८ पर्यंत लावण्याचे बंधन कराराने घातले आहे. म्हणून जुने रोहित्र मोडीत काढणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला माझी कळकळीची विनंती आहे, की त्यातले तेल भंगारवाल्याच्या पिंपात ओतण्यापूर्वी त्याचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा, आणि अहवाल येईतोवर त्या टाकीची तोटी उघडू नये.