भातावरील हिस्पा

भातावरील हिस्पा किंवा काटेरी भुंगेरा (शास्त्रीय नाव : डिक्लॅडिस्पा आर्मिजेरा) हा भाताची पाने आतून पोखरणारा एक लहान ढालपंखी कीटक आहे. त्याचा समावेश क्रायसोमेलिडी कुलातील कॅसिडिनी उपकुलात होतो. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ऑलिव्हिए यांनी 1808 मध्ये या प्रजातीचे वर्णन केले. ‘आर्मिजेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘शस्त्रधारी’ असा असून अंगभर काटे असलेल्या या कीटकाला तो शोभतो. भारत, बांगलादेश, नेपाळ, चीन व आग्नेय आशियातील भातपट्ट्यात तो आढळतो. बांगलादेशात त्याला ‘पामरी पोका’ म्हणतात.

वर्णन

प्रौढ भुंगेरा सुमारे 5 मिमी. लांब, चौकोनी बांध्याचा व निळसर काळा असतो. पंखांवर आणि वक्षावर ताठ काटे असतात. कोकणात भातावर आढळणारा ‘निळा भुंगेरा’ (लेप्टिस्पा पिग्मिया) हा याच कुलातील, पण निराळा कीटक होय. नावांच्या जवळिकीमुळे या दोहोंत नेहमी गल्लत होते. निळ्या भुंगेऱ्याचे अंग गुळगुळीत असते, आणि त्याची अळी पानाच्या आत न शिरता दुमडलेल्या पानात राहून पृष्ठभाग खरवडते.

जीवनक्रम

मादी पानाच्या शेंड्याजवळ बारीक चीर पाडून तीत एकेक अंडे घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते, म्हणजे खरे तर आत जाते. पानाच्या वरच्या व खालच्या त्वचेमधील हिरवा गर हेच तिचे अन्न आणि त्या दोन त्वचा हेच तिचे घर. अळी पिवळसर पांढरी व चपटी असते. एवढ्या अरुंद जागेत दुसरा आकार मावलाही नसता. पोखरलेल्या जागी फोडासारखा फिकट चट्टा दिसतो. पान उजेडासमोर धरल्यास त्यात अळी ओळखता येते. टोमॅटोच्या पानावर नागमोडी रेघ काढणारी नागअळी मात्र माशीची अळी असते, भुंगेऱ्याची नव्हे.

साधारण 7 ते 12 दिवसांनी अळी तेथेच कोषात जाते आणि आणखी चार-पाच दिवसांनी भुंगेरा पान फोडून बाहेर पडतो. असा हा जीवनक्रम तीन आठवड्यांच्या आसपास पुरा होतो. शेतात भात नसताना भुंगेरे बांधावरील गवतांवर तग धरतात व पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा भाताकडे वळतात.

नुकसान

भुंगेरे पानाचा वरचा हिरवा थर शिरांना समांतर खरवडतात व त्यामुळे पांढऱ्या रेघा उमटतात. अळीचे चट्टे वाढत जाऊन पाने वाळतात. प्रादुर्भाव तीव्र असल्यास खाचर दुरून करपल्यासारखे दिसते. रोपे कोवळी असताना हानी अधिक होते. फुटवे जोमदार असल्यास पीक बरेचसे सावरते. नत्रखताचा अतिरेक या किडीच्या पथ्यावर पडतो.

नियंत्रण

अळी पानाच्या आत सुरक्षित असल्याने वरून मारलेले स्पर्शजन्य कीटकनाशक तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. याउलट अंड्यांवर व अळ्यांवर उपजीविका करणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या (उदा., ट्रायकोग्रामा, ब्रेकॉन) अशा फवारणीत मरतात, आणि मग किडीला मोकळे रान मिळते. म्हणून पाने न तपासता सरसकट फवारणी करणे अनिष्ट ठरते. बहुतेक अंडी शेंड्याकडे असतात, त्यामुळे लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करणे हा बिनखर्चाचा व परिणामकारक उपाय आहे. खुडलेले शेंडे बांधावर टाकून दिल्यास मात्र उपयोग कमी होतो. ते जाळावेत किंवा पुरावेत. हातजाळीने भुंगेरे पकडणे व बांधावरील गवत काढणे हेही उपाय केले जातात. बिव्हेरिया बॅसियाना ही बुरशी भुंगेऱ्यांना रोगग्रस्त करून मारते व दमट हवेत ती अधिक प्रभावी ठरते.

आफ्रिकेत भातावर ट्रायकिस्पा सेरिसिया हा याचा जवळचा आप्त आढळतो. तो पाने पोखरतोच, शिवाय भाताच्या पिवळ्या ठिपक्यांच्या विषाणुरोगाचा प्रसारही करतो.