सनद

"भाऊ, वकिलाची सनद काढून घेता येते का हो?" घाटकोपरच्या पंतनगरमधल्या आमच्या शेजारच्या वहिनींनी परवा विचारलं. पैसे घेऊन त्यांचा वकील तीन तारखांना फिरकला नव्हता. वहिनी शिकलेल्या नाहीत, पण शब्द त्यांनी अचूक वापरला.

'सनद' मूळ अरबी. अर्थ आधार, ज्याला टेकावं ते. फारसीतून तो मराठी दरबारात आला. 1719 साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या आणल्या, त्या सनदाच. पुढे कंपनी सरकारने 1827 च्या दुसऱ्या रेग्युलेशनात मुंबई इलाख्यातल्या वकिलांसाठी नियम केले आणि वकिलीचा परवाना म्हणजे सनद झाली. देणारं सरकारी न्यायालय, काढून घेणारंही तेच. म्हणून तर 1919 साली अहमदाबादच्या काही वकिलांनी सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सही केली, तेव्हा मुंबई हायकोर्टाने त्यांना नोटिसा काढल्या. त्यांनी कुणा पक्षकाराला फसवलं नव्हतं.

1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने हा अधिकार वकिलांच्याच निवडलेल्या बार कौन्सिलकडे दिला. आता तक्रार तिघांची शिस्तपालन समिती ऐकते. ताकीद, काही काळ निलंबन किंवा यादीतून नाव कायमचं वगळणं, अशा शिक्षा ती देऊ शकते. आपल्याच माणसाला शिक्षा करणं अवघड असतं, पण महाराष्ट्राच्या कौन्सिलने ते केलेलं आहे. एस्प्लनेड कोर्टाच्या आवारात पक्षकारांवर झडप घालून कामं ओढणाऱ्या वकिलांना तिने दोषी ठरवलं. दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांना सोडलं, तेव्हा महाराष्ट्राची कौन्सिल थेट सुप्रीम कोर्टात गेली. अपील करण्याचा तिला हक्कच नाही, असा आक्षेप आला. 1975 साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो हक्क मान्य केला. माझ्या मते या सनदेच्या इतिहासातला सर्वांत अभिमानाचा प्रसंग हाच.

आणखी एक तरतूद मला फार मोलाची वाटते. राज्य कौन्सिलने वर्षभरात निकाल दिला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. तक्रारदाराने ती वर्षाची तारीख वहीत लिहून ठेवावी.

तर वहिनी, येते काढून घेता. वकीलपत्राची प्रत आणि फीच्या पावत्या जपून ठेवा, तक्रार लेखी करा. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचं कार्यालय फोर्टमध्ये, हायकोर्टाच्या विस्तारित इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. सोमवारी मी तुमच्याबरोबर येतो.