जुनी नौका, नवे इंजिन : ‘ब्लूबर्ड के७’ची अखेरची धाव

१/ ४ जानेवारी १९६७. इंग्लंडच्या वायव्येकडील कॉनिस्टन सरोवर. डोनाल्ड कॅम्पबेल यांना पाण्यावर ताशी ३०० मैल, म्हणजे सुमारे ४८३ किलोमीटरचा वेग गाठायचा होता. ‘ब्लूबर्ड के७’ ही त्यांची नौका तेव्हा जवळजवळ बारा वर्षांची होती. तिचे इंजिन मात्र नुकतेच बदललेले होते.

२/ इंजिन बदलण्यातील धोका या घराण्याला नवा नव्हता. डोनाल्ड यांचे वडील सर माल्कम यांनी १९३९ मध्ये याच सरोवरावर ‘ब्लूबर्ड के४’मधून ताशी १४१.७४ मैलांचा विक्रम केला होता. युद्धानंतर त्यांनी त्याच नौकेत जेट इंजिन बसवले. पंख्यावर चालण्यासाठी घडलेल्या त्या नौकेला जेटचा वेग सोसला नाही. ती अस्थिर झाली. १९४८ च्या अखेरीस माल्कम निवर्तले आणि डोनाल्ड यांनी तिच्यात पुन्हा जुन्या पद्धतीचे इंजिन बसवले.

३/ म्हणून के७ ची रचनाच जेटसाठी करण्यात आली. केन आणि ल्यू नॉरिस या बंधूंनी ती आखली. वेगात असताना तिचे केवळ तीन लहान भाग पाण्याला टेकत. ‘बेरिल’ इंजिनाचा रेटा सुमारे ३,५०० पौंडांचा होता. १९५५ मध्ये तिने ताशी २०२.३२ मैलांचा वेग गाठला आणि १९६४ च्या शेवटच्या दिवशी, ऑस्ट्रेलियात, २७६.३३ मैलांचा. एकूण सात विक्रम तिच्या नावावर जमा झाले.

४/ १९६६ मध्ये कॅम्पबेल यांना रॉकेटवर चालणारी मोटार बांधायची होती. त्यासाठी जनतेचे आणि उद्योगांचे लक्ष वेधणे आवश्यक होते, आणि ३०० हा आकडा ते वेधून घेणारा होता. त्यांनी नवी नौका न बांधता जुनीचेच इंजिन बदलले.

५/ निवड झाली ‘ऑर्फियस’ची. हे ‘नॅट’ लढाऊ विमानाचे इंजिन. १९६५ च्या युद्धात भारतीय हवाई दलाच्या ज्या नॅट विमानांनी नाव कमावले, त्यांतही ऑर्फियसच होते. कॅम्पबेल यांनी अपघातात मोडलेले एक नॅट विकत घेतले. त्याच्या शेपटीचा उभा पंखही नौकेवर चढवला. नवे इंजिन बेरिलहून हलके होते, आणि त्याचा रेटा सुमारे ४,५०० पौंडांचा, म्हणजे पाव पटीहून अधिक वाढीव होता.

६/ पहिला इशारा चाचणीतच मिळाला. ऑर्फियसने इतक्या जोराने हवा ओढली की नौकेचे हवा घेण्याचे मार्गच आत कोसळले. तुकडे इंजिनात गेले आणि ते निकामी झाले. दुसरे ऑर्फियस बसवावे लागले.

७/ खरा प्रश्न सांगाड्याचा होता. नौकेला वर उचलणारे हवेचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २०० मैलांवरून ३०० मैलांवर जाताना वेग दीडपट होतो, पण हे बल सव्वादोन पट. नाक जरा वर गेले की ते आणखी वाढते. इंजिनाचा रेटा ही मर्यादा पुढे ढकलू शकत नाही. तो नौकेला तिथवर लवकर पोहोचवतो, एवढेच.

८/ नियमानुसार परस्परविरुद्ध दिशांनी दोन धावा करून सरासरी काढली जाते. पहिली धाव २९७.६ मैलांची झाली. इंधन न भरता, पाणी निवळण्याची वाट न पाहता कॅम्पबेल परत फिरले. वेग ३२८ मैलांपर्यंत गेला. मग नाक उचलले गेले, नौका हवेत उलटली आणि पाण्यावर आदळून फुटली. ४५ वर्षांचे कॅम्पबेल जागीच गेले. नौकेचे अवशेष आणि त्यांचा देह २००१ मध्ये सरोवरातून वर आणण्यात आला.

९/ पहिल्या धावेच्या लाटा, की इंधन अपुरे पडून खचलेला रेटा? कारणांची चर्चा अजून चालते. पण ही दोन्ही किरकोळ कारणे आहेत. ती प्राणघातक ठरली, कारण त्या वेगाला सांगाड्यापाशी चूक सोसण्याची जागाच उरली नव्हती.

१०/ १९७८ मध्ये केन वॉर्बी या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने ताशी ३१७ मैल ओलांडले. तो विक्रम पुढे कित्येक दशके अबाधित राहिला. त्यांचे जेट इंजिन लष्कराने निकालात काढलेले, ऑर्फियसहून कमी रेट्याचे होते. नौका मात्र नवी होती, घराच्या अंगणात लाकडापासून बांधलेली, आणि त्याच वेगासाठी आखलेली.